एक्का-राजा हातात, समोर चिप लीडरचा ऑल-इन: कॉल की फोल्ड?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे आकडे कुठून आले ते कळेल. गोव्यातली छोटी पोकर टूर्नामेंट, ५ हजारांच्या ४० एन्ट्र्या, प्रत्येकी ५० हजार चिप्स. बक्षिसं एकूण २ लाखांची: पहिल्याला १ लाख, दुसऱ्याला ६० हजार, तिसऱ्याला ४० हजार, चौथ्याला काही नाही. चार जण उरलेत. चिप लीडरकडे, म्हणजे सगळ्यात मोठा ढीग असणाऱ्याकडे, १० लाख चिप्स, तुमच्याकडे ६ लाख, तिसऱ्याकडे ३ लाख, चौथ्याकडे जेमतेम १ लाख. ब्लाइंड, म्हणजे पानं बघण्याआधी दोघांनी भरायच्या सक्तीच्या रकमा, १५ हजार (स्मॉल) आणि ३० हजार (बिग); सगळ्यांनी भरायची अँटी नाही. पहिल्या दोघांनी पानं टाकली (फोल्ड), स्मॉल ब्लाइंडवरून लीडरने ऑल-इन सरकवला, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या, आणि बिग ब्लाइंडवर तुम्ही बघता तर बदामाचे एक्का-राजा. तुम्ही कॉल केला, म्हणजे तुमच्याही सगळ्या लावल्या. त्याने गुलाम-सत्ती उघडली, तीही वेगवेगळ्या रंगांची. टर्नला, म्हणजे टेबलावरच्या चौथ्या पानाला, सत्ती पडली, त्याची जोडी झाली, तुम्ही चौथे. सगळे म्हणाले, ‘बॅड लक भाऊ, कॉल एकदम बरोबर.’ आता तुम्ही विचारताय की तो खरंच बरोबर होता का, आणि नसेल तर शेवटच्या टप्प्यात अशी भारी पानं मोठ्या स्टॅकसमोर (चिप्सच्या ढिगासमोर) खेळायची कशी.

कॉल चुकीचा होता. लीडरने आधी गुलाम-सत्ती टेबलावर उघडी ठेवून ‘आता बोला’ म्हटलं असतं, तरीही चुकीचाच ठरला असता. हे वाचून राग येणं साहजिक आहे, मलाही पहिल्यांदा आला होता. म्हणून हिशोबच करू.

चिप्स म्हणजे पैसे नव्हेत, इथून सुरुवात. दिवाळीत घरी तीन पत्ती खेळताना समोरचा ढीग जिंकला की तो तुमचा, त्यातला रुपया हा रुपयाच. टूर्नामेंटमध्ये तसं नसतं. तुमच्या टेबलवर कुणीतरी २० लाखच्या २० लाख चिप्स गोळा करणार होता, पण त्याला बक्षिसाच्या रकमेतला निम्माच वाटा मिळणार होता. उरलेला निम्मा हरलेल्या दोघांत वाटला जाणार. म्हणजे शेवटच्या चिप्स कमी मोलाच्या आणि पहिल्या चिप्स जास्त मोलाच्या. जिंकलेली चिप नेहमी गमावलेल्या चिपपेक्षा स्वस्त पडते.

हे मोजायची रूढ पद्धत म्हणजे आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल). कल्पना साधी आहे. पहिलं येण्याची तुमची शक्यता म्हणजे एकूण चिप्समधला तुमचा हिस्सा. दुसरं येण्याची शक्यता काढताना पहिला कोण आला ते धरून त्याच्या चिप्स बाजूला काढायच्या आणि उरलेल्यांत पुन्हा हिस्सा बघायचा, तिसऱ्यासाठी पुन्हा तेच. हे सूत्र मुळात घोड्यांच्या शर्यतीसाठी डेव्हिड हार्व्हिल यांनी १९७३ मध्ये मांडलं, आणि १९८७ च्या सुमारास मेसन माल्मुथ यांनी ते पोकरला लावलं. चार जणांचा हिशोब कागदावर अर्ध्या तासात होतो, मी तुमचा तसाच केला.

तुम्ही पानं टाकली असती तर ३० हजारांचा ब्लाइंड जाऊन ५ लाख ७० हजार चिप्स उरल्या असत्या. त्यांची किंमत होते सुमारे ६१,४०० रुपये. कॉल करून जिंकला असता तर १२ लाख चिप्स, किंमत सुमारे ८१,२००. हरल्यावर शून्य. चिप्स दुपटीहून वाढतात आणि पैसे एक-तृतीयांशसुद्धा वाढत नाहीत! ६१,४०० पणाला लावून वरचे १९,८०० मिळवायचे, म्हणजे कॉल परवडण्यासाठी किमान ७६ टक्के वेळा जिंकायला हवं.

बदामाचे एक्का-राजा गुलाम-सत्तीसमोर साधारण दोन-तृतीयांश वेळा जिंकतात, ६७ टक्के धरा. ८१,२०० चे ६७ टक्के म्हणजे ५४,४००. पानं टाकून ६१,४०० मिळत होते. ज्या कॉलला सगळ्यांनी शाबासकी दिली तो सत्ती पडायच्या आधीच सुमारे ७ हजारांनी तोट्यात होता.

तुम्ही म्हणाल, लीडर काहीही घेऊन ढकलत होता. मान्य. समजा तो पानं न बघताच ढकलत होता, तीन पत्तीतल्या ब्लाइंडसारखा. कुठल्याही दोन पानांसमोर एक्क्यांची जोडी ८५ टक्के जिंकते, राजांची ८२, राण्यांची ८०, गुलामांची साधारण साडेसत्त्याहत्तर, दश्श्यांची ७५. एकाच रंगाचे एक्का-राजा ६७, वेगळ्या रंगाचे ६५. रेघ आहे ७६ वर. म्हणजे डोळे मिटून ढकलणाऱ्यासमोरही दश्श्यांची जोडी काठावरून घसरते, आणि एक्का-राजा तर रेघेच्या आसपासही नाहीत. एक्का-राजा ही जोडी नसते, हे या टप्प्यावर फार महाग पडतं. कॅश टेबलवर, जिथे चिप म्हणजे थेट रुपया, त्यांच्यात आणि राण्यांत जो फरक जाणवतो, त्याच्या कितीतरी पट फरक इथे असतो.

प्रत्यक्षात कुणी पूर्ण आंधळं खेळत नाही. तो वरची निम्मी पानं घेऊन ढकलत असेल, तर माझ्या ढोबळ मोजणीत राण्यांची जोडी पंचाहत्तर-शहात्तरच्या आसपास येते, म्हणजे कॉल काय आणि फोल्ड काय, सारखंच. राजांची जोडी तेव्हा कॉल. पण तो शांत माणूस असेल, तासाभरात दोनदाच ढकलला असेल, फक्त जोड्या आणि मोठे एक्के घेऊन येत असेल, तर राजांची जोडीही ७६ गाठत नाही. कारण त्या पानांत एक्का असलेली खूप असतात आणि राजांची जोडी एक्का-अमुकसमोर फक्त सत्तर टक्क्यांच्या घरात जिंकते. हे वाक्य मी क्लबमध्ये बोललो की लोक माझ्याकडे वेड्यासारखं बघतात. एक्क्यांच्या जोडीचं मात्र काही विचारायचं नाही, तुमच्या टेबलवर ती नेहमी कॉल.

आता हे ७६ आले कुठून, ते नीट बघा, कारण पुढच्या वेळी टेबलवर कॅल्क्युलेटर नसणार. ते आले चौथ्या माणसामुळे. त्याच्याकडे १ लाख म्हणजे तीन-साडेतीन ब्लाइंड होते आणि तुम्ही सांगितलेल्या बसण्याच्या क्रमानुसार पुढच्याच डावात त्याला ३० हजारांचा बिग ब्लाइंड भरायचा होता. तो उठला की तुमचे ४० हजार पक्के. तुम्ही त्याच्या आधी उठलात.

तोच माणूस आधीच बाद झाला असता तर? समजा तिघंच उरलेत, लीडर ११ लाख, तुम्ही ६, तिसरा ३. आता हरलात तरी ४० हजार हातात आहेत. ब्लाइंड बाजूला ठेवून त्याच लीडरच्या त्याच ऑल-इनसमोर आकडा येतो ६३ टक्के. एक माणूस खुर्चीवरून उठला आणि तुमचे एक्का-राजा आंधळ्या ढकलणाऱ्यासमोर टाकायच्या पानांतून घ्यायच्या पानांत आले. पानं तीच, समोरचा तोच. म्हणून ‘प्रीमियम हँड’ या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. पानं प्रीमियम आहेत की नाही हे कार्डावर छापलेलं नसतं, ते बाकीच्यांच्या चिप्स मोजल्यावर कळतं. आणि चौघांकडे सारख्या चिप्स असतील, हीच बक्षिसं असतील, तर आकडा ६५ टक्के येतो. मला हा एक आकडा पाठ आहे, बाकीचे त्याच्या मागेपुढे अंदाजाने लावतो: कुणी मरायला टेकलंय आणि मला संपवू शकणारा समोर आहे, तर ६५ च्या बरंच वर. कुणीच मरायला टेकलेलं नाही, तर ६५ च्या आसपास.

लीडरच्या बाजूनेही बघा, कारण तो गुलाम-सत्ती घेऊन ढकलतो तो मूर्ख म्हणून नव्हे. तो हरला तरी त्याच्याकडे ४ लाख चिप्स उरत होत्या, किंमत सुमारे ५४ हजार. तुम्ही हरलात तर शून्य. त्याला तुमची पानं कळत नाहीत, पण तुमचा हिशोब कळतो. तुम्ही एक्के, राजे आणि फार तर राण्या सोडून सगळं टाकायला हवं हे त्याला माहीत आहे, आणि एवढी भारी जोडी दोन पानांच्या १३२६ शक्यतांपैकी १८ वेळाच येते. बाकी वेळी तो तुमचे ३० हजार उचलून घेतो. तुम्ही एक्का-राजाने कॉल केलात तेव्हा तोही मनातून चरकला असणार, कारण कॉल त्यालाही परवडणारा नव्हता. तो जिंकल्यावर त्याच्या स्टॅकची किंमत सुमारे ९१,७०० झाली. उरलेले १,०८,३०० गेले बाकीच्या दोघांच्या वाट्याला, ज्यांच्या चिप्सची किंमत डावाच्या आधी दोघांची मिळून ६२ हजारांच्या आत होती. दोघांचं भांडण आणि तिसऱ्याचा लाभ म्हणतात ना, इथे तिसऱ्या-चौथ्याला एकही पान न खेळता ४६ हजारांहून जास्त मिळाले. तुमचं सांत्वन करणाऱ्यांत ते दोघे सगळ्यात पुढे होते का, आठवून बघा!

एक धोक्याची सूचना इथेच देतो, नाहीतर तुम्ही दुसऱ्या टोकाला जाल. आयसीएमला जागा कळत नाही, कौशल्य कळत नाही, पुढच्या डावात कुणाचा ब्लाइंड आहे तेही कळत नाही. तुमच्या डावात चौथ्याचा ब्लाइंड तोंडावर होता, म्हणजे थांबणं सूत्र सांगतं त्याहूनही जास्त मोलाचं होतं. पण तोच माणूस नुकताच ब्लाइंड भरून मोकळा झाला असता आणि तुमच्यावर दर फेरीला लीडर चढत असता, तर थांबण्याची किंमत सूत्राहून कमी झाली असती. आणि मोठ्या टूर्नामेंटमध्ये एकेका जागेचा फरक पहिल्या बक्षिसाच्या मानाने लहान असतो. २०१८ च्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मेन इव्हेंटमध्ये दहा जण उरले असताना एकाच डावात निकोलस मॅनियन यांच्याकडे एक्क्यांची जोडी आली आणि अँटॉइन लाबा व युएची झू या दोघांकडेही राजांची. तिघांच्या जवळपास सगळ्या चिप्स मध्ये गेल्या. दोघांनी एकमेकांचे राजे अडवून ठेवले होते, एक्के टिकले. झू दहावे आले, ८,५०,०२५ डॉलर घेऊन. नवव्या क्रमांकाला १० लाख डॉलर होते, पहिल्याला ८८ लाख. म्हणजे एक पायरी थांबून मिळणार होते दीड लाख, आणि वर होते ८८. तिथे राजांची जोडी घेऊन आत जाणं मला चूक वाटत नाही. तुमच्या टेबलवर एक पायरी म्हणजे ४० हजार आणि सगळ्यात वरचं बक्षीस १ लाख. पायरी जिन्याच्या मानाने किती उंच आहे, ते बघायचं. जाता जाता, मॅनियन तो डाव जिंकून फायनल टेबलवर सर्वाधिक चिप्स घेऊन बसले आणि शेवटी चौथे आले.

आता खेळायचं कसं. सगळ्यात आधी गिऱ्हाईक बदला. तुमच्या एक्का-राजाचं गिऱ्हाईक लीडर नव्हताच, ३ लाखवाला होता. त्याच्याकडे दहा ब्लाइंड, तोही चौथ्याच्या मरणाची वाट बघत बसलेला, आणि तुम्ही त्याला संपवू शकता पण तो तुम्हाला नाही. त्याच्या ब्लाइंडवर एक्का-राजा घेऊन सरळ ऑल-इन टाका, लीडरने आधीच पानं टाकलेली असतील तर डोळे झाकून. तो बहुतेक वेळा सोडेल, आणि कॉल करून जिंकला तरी तुम्ही निम्म्या चिप्स घेऊन बसलेले असाल. लीडर तुमच्याशी जे करतोय तेच तुम्ही त्याच्याशी करायचं. शेवटच्या टप्प्यात मी पाहिलेले बहुतेक मधले स्टॅक हे विसरतात. सगळा राग मोठ्यावर काढतात आणि छोट्यांना मोकळं सोडतात.

लीडर मागे बसलेला असताना तुम्ही सुरुवात करत असाल तर वीस ब्लाइंडचा ऑल-इन टाकू नका. त्याला चुकीचा कॉल करायला फार कमी पानं लागतात आणि कॉल झाला की तुमचा निम्मा जीव जातो. दुपटीच्या जरा वर, ६० ते ६५ हजारांचं रेज करा, म्हणजे बोली तेवढी वाढवा, सगळ्या पानांना तेवढंच. त्याने ऑल-इन परत टाकला तर एक्का-राजा आणि गुलामांची जोडी टाकून द्या. हो, गुलामांचीही, तो खरोखर काहीही घेऊन येत नसेल तर. पोट दुखतं, मला ठाऊक आहे. मांडवीतल्या बोटीवर एकदा मी राण्यांची जोडी घेऊन अशाच लीडरला कॉल केला. शेजारी एक जण दोन ब्लाइंड उरलेले घेऊन बसला होता. लीडरने राजा-नव्वी उघडली, फ्लॉपला, म्हणजे टेबलावरच्या पहिल्या तीन पानांत, राजा. पणजीच्या धक्क्यावर परत आलो तेव्हा त्या शेजाऱ्याचं तिसरं बक्षीस माझ्या डोक्यात जास्त घुमत होतं, राजा नव्हे.

एक्के आणि राजे आले तर ते सांभाळायला वेगळं काही करू नका. तेच ६५ हजारांचं रेज. मोठा स्टॅक या टप्प्यात स्वतःच तुमच्या अंगावर येतो, त्याला यायला जागा ठेवा. तुम्ही एकदम ऑल-इन टाकलात तर ज्या गुलाम-सत्तीकडून पैसे घ्यायचे होते तीच निघून जाईल. उलट लिम्प करून, म्हणजे नुसता ब्लाइंडएवढाच भरून, जाळं टाकायची हौस मी टाळतो. चौघांच्या टेबलवर ब्लाइंड फुकटात आत येतात, राजांच्या जोडीला फ्लॉपवर एक्का पडायची शक्यता जवळपास २३ टक्के असते, आणि मग तुम्ही मोठ्या स्टॅकसमोर अंधारात चाचपडता.

बिग ब्लाइंडवर असताना लीडरने स्मॉल ब्लाइंडवरून ऑल-इन न टाकता साधं ७५ हजारांचं रेज केलं, तर गोष्ट बदलते. फ्लॉपनंतर तो तुमच्या आधी बोलणार, जागा तुमची चांगली. राण्या, गुलाम, एक्का-राजा या सगळ्यांनी मी तिथे नुसता कॉल करतो, पॉट (मधला ढीग) लहान ठेवतो. राण्यांना फ्लॉपवर एक्का किंवा राजा दिसायची शक्यता ४१ टक्के, गुलामांना वरचं पान दिसायची ५७. तसं झालं आणि तो जोरात आला, तर दीड लाखाच्या पॉटमधून बाहेर पडणं सहा लाखांच्या पॉटमधून पडण्यापेक्षा सोपं. एक्का-राजाला फ्लॉपवर काही लागलं तर त्याच्या बेटला कॉल करत राहा, रेज करून त्याला पळवू नका. राजांच्या जोडीने मी समोरचा बघून ठरवतो. उतावळ्या लीडरला छोटं री-रेज, ज्यावर तो चिडून ऑल-इन टाकेल. शांत लीडरला कॉल.

बाउंटी टूर्नामेंट असेल तर यातलं बरंच उलटं होतं, कारण समोरच्याला उडवायचे रोख पैसे मिळतात. पण तुमच्यापेक्षा मोठ्या स्टॅकला तुम्ही उडवू शकत नाही, त्यामुळे लीडरसमोर बाउंटीचा फायदा त्यालाच, हे लक्षात असू द्या.

सरावाचं विचारलंत. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केल्यापासून घरबसल्या शंभर बबल, म्हणजे बक्षिसांच्या उंबरठ्यावरचे टप्पे, खेळून शिकायची सोय गेली, त्यामुळे आता प्रत्येक फायनल टेबल महाग धडा होतो. कागद-पेन्सिल घ्या, तुम्ही बाद झालात त्या शेवटच्या पाच टेबलांचे स्टॅक आठवून लिहा आणि आयसीएम हाताने सोडवा. पाच झाले की सहाव्या टेबलवर आकडा अंदाजाने पाच-सात टक्क्यांच्या आत येऊ लागतो.

आणि पुढच्या महिन्यात तुम्ही सॅटेलाइटला (मोठ्या टूर्नामेंटचं तिकीट जिंकायच्या टूर्नामेंटला) जाताय, पाच तिकिटं आहेत, तर तेवढं वेगळं सांगतो. तिथे पहिला आणि पाचवा यांना एकच तिकीट मिळतं, जास्त चिप्सना काहीच किंमत नाही. सहा जण उरले, तुम्ही दुसऱ्या क्रमांकावर, एकाकडे अर्धा ब्लाइंड उरलाय आणि लीडरने ऑल-इन टाकला. एक्क्यांची जोडी आली तरी टाकून द्या. ती ८५ टक्के जिंकते, पण नुसतं बसून राहिलात तर तिकीट त्याहून जास्त वेळा मिळतं. आणि टाकताना कुणाला दाखवू नका, पुढचा अर्धा तास समजावण्यात जाईल.